आधी टोक, मग औषध: सोनोग्राफी बघून नर्व्ह ब्लॉक कसा द्यावा

हा लेख भूलशास्त्र शिकणाऱ्या आणि नुकतंच स्वतंत्र काम सुरू केलेल्या डॉक्टरांसाठी आहे. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, शिकणारे रेसिडेंट, म्हापसा-मडगावच्या जिल्हा इस्पितळांत काम करणारे, फोंडा, डिचोली, काणकोणच्या लहान नर्सिंग होममध्ये एकट्याने भूल देणारे, असे सगळे डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. नर्व्ह ब्लॉक म्हणजे नर्व्हजवळ औषध सोडून तेवढाच हात किंवा पाय बधिर करणं. नुसतं वाचून ब्लॉक देता येत नाही, तो जाणत्या माणसाशेजारी उभं राहूनच शिकायचा. पण शेजारचा जाणता माणूस बहुतेक वेळा घाईत असतो. घाईत त्याच्याकडून सांगायचं राहून जातं, त्यातलं बरंचसं इथे आहे.

नवशिका पडद्यावर नर्व्ह शोधत बसतो आणि ती सापडली की अर्धं काम झालं असं त्याला वाटतं. माझ्या मते नर्व्ह सापडणं हा त्यातला सोपा भाग. ब्लॉक लागतो की फसतो, पेशंट सुखरूप राहतो की नाही, हे दोन गोष्टींवर ठरतं: सुईचं टोक आत्ता या क्षणी कुठे आहे, आणि आत सोडलेलं औषध कुठे पसरतंय. या दोन्ही दिसत नसतील तर पडद्यावर नर्व्ह कितीही छान दिसो, हात थांबला पाहिजे.

गळपट्टीच्या हाडावरून हाताला बधिर करायची पद्धत जुनी आहे. १९११ मध्ये जर्मनीत कुलेनकाम्फने ती आधी स्वतःवरच करून पाहिली. पुढची कित्येक दशकं बोटाने नाडी चाचपायची, हाडाचा अंदाज घ्यायचा, सुई घालायची आणि हाताला मुंग्या आल्या का विचारायचं, असाच रिवाज होता. १९७८ मध्ये ला ग्रेंज आणि सहकाऱ्यांनी डॉपलरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या यंत्राने, धमनी शोधून तिच्या आधाराने ब्लॉक दिले, आणि १९९४ मध्ये व्हिएन्नात काप्राल यांच्या गटाने सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत हाच ब्लॉक दिल्याचं प्रसिद्ध केलं. सोनोग्राफीमुळे रक्तवाहिनीत सुई जाण्याचं आणि औषधाच्या विषबाधेचं प्रमाण घटलं, हे आता पक्कं आहे. नर्व्हला होणारी कायमची इजा मात्र सोनोग्राफीने कमी झाली असं ठामपणे म्हणता येत नाही. यंत्र विकणारा माणूस हे सांगत नाही, म्हणून मी सांगते.

पेशंट आणि कागद

आपल्याकडे हाताच्या ब्लॉकचा नेहमीचा पेशंट म्हणजे स्कूटर घसरून मनगट मोडलेला. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवरून घसरलेल्या काकी आणि आज्याही बऱ्याच. पायाच्या ब्लॉकला येतो तो मधुमेहाने बोटं काळी पडलेला पेशंट. त्याचं हृदय अशक्त, किडनी थकलेली, पूर्ण भूल द्यायची म्हटलं की सगळ्यांच्याच पोटात गोळा. अशा माणसाला ब्लॉक म्हणजे खरोखर वरदान.

सुई हातात घेण्याआधी पेशंटच्या हातापायाची तपासणी स्वतः करा. मनगट मोडलंय, तर अंगठा आणि तर्जनी आधीच बधिर आहेत का? मीडियन नर्व्ह हाडाखाली दाबली गेलेली असू शकते. कोपराच्या वरचं हाड मोडलं असेल तर मनगट उचलता येतंय का? मधुमेही पायाला कुठवर संवेदना आहे? हे केस पेपरवर वेळ घालून लिहा. ब्लॉकनंतर ही तपासणी करता येत नाही, आणि उद्या बोटं बधिर राहिली तर पहिलं बोट तुमच्याकडे दाखवलं जाईल.

हाडाच्या डॉक्टरांशी एक गोष्ट आधीच बोलून घ्या. कोपराखालचा हात खूप सुजलाय, चिरडलाय, कंपार्टमेंट सिंड्रोमची (आतल्या सुजेचा दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटण्याची) भीती आहे, असं असेल तर चोवीस तास चालणारा घट्ट ब्लॉक देऊन बसू नये. वाढत जाणारी वेदना हीच त्या आजाराची पहिली खूण असते आणि आपण नेमकी तीच पुसून टाकतो.

रक्त पातळ करणारी औषधं, टोचायच्या जागी जंतुसंसर्ग, औषधाची ॲलर्जी, संमती हे नेहमीचंच. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याला काखेतला किंवा गुडघ्यामागचा ब्लॉक देता येतो, कारण तिथे रक्त आलं तर दाबून धरता येतं. खोलवरच्या ब्लॉकला मात्र पाठीतल्या इंजेक्शनचेच नियम लावायचे. आणि उपाशी राहण्याचा नियम इथेही आहे. “ब्लॉकच हा न्हय, मग चाय-पाव दिला तर कितें जालें?” असं नातेवाईक हमखास म्हणतात. ब्लॉक फसला तर पूर्ण भूल द्यावी लागेल, हे त्यांना आदल्या दिवशीच सांगा.

आता एक रुक्ष गोष्ट, पण ती टाळता येत नाही. ओटीतलं सोनोग्राफी यंत्रही गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालीच येतं. १९९४ चा कायदा, २००३ ची दुरुस्ती आणि त्यानंतरचे नियम आपण फक्त नर्व्ह बघतो म्हणून सैल होत नाहीत. यंत्राची नोंदणी हवी, दर्शनी भागात फलक हवा, आणि फिरतं यंत्र नोंदणी झालेल्या आवारातच, तिथे दाखल असलेल्या पेशंटसाठी वापरायचं. एका नर्सिंग होममधून दुसऱ्यात जाताना यंत्र गाडीच्या डिकीत टाकून नेता येत नाही. मोबाइलला जोडायचा हातातला छोटा प्रोबही यातून सुटत नाही. भूलतज्ज्ञ म्हणून तुमचं नाव त्या इस्पितळाच्या नोंदणीत आहे का, तेही पहिला ब्लॉक देण्याआधी कार्यालयात जाऊन बघा.

यंत्र, प्रोब आणि दोन हात

प्रोब दोन प्रकारचे लागतात. हात, मान, गुडघ्यामागची जागा अशा वरवरच्या ब्लॉकला सरळ तोंडाचा, साधारण ६ ते १३ मेगाहर्ट्झचा. खुबा किंवा जाड मांडीसाठी बाकदार, २ ते ५ मेगाहर्ट्झचा. वारंवारता जितकी जास्त तितकं चित्र स्वच्छ, पण खोलवर पोहोचत नाही. कमी असली तर खोल दिसतं, पण धूसर.

यंत्र कुठे ठेवायचं यावर फार कमी लोक विचार करतात. तुम्ही, सुई आणि पडदा एका रेषेत आले पाहिजेत. उजव्या हाताचा ब्लॉक देताना तुम्ही पेशंटच्या उजवीकडे, तर यंत्र त्याच्या डाव्या बाजूला. मान वळवून वळवून पडदा बघायची वेळ आली की हात हलतो, आणि हात हलला की टोक हरवतं. टेबल तुमच्या कोपराच्या उंचीला आणा. दिवे मंद करा. आषाढात वीज जाते तेव्हा यंत्राची बॅटरी किती वेळ टिकते, हे ब्लॉकच्या मध्यावर कळण्यापेक्षा सकाळीच बघून ठेवलेलं बरं.

पडद्यावर आधी खोली ठरवा. नर्व्ह पडद्याच्या मध्यावर येईल इतकीच ठेवा, गळपट्टीच्या वर ३ ते ४ सेंटिमीटर पुरते. मग गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा. सगळं पांढरं करून ठेवलं की सुई दिसत नाही आणि सगळं काळं केलं की नर्व्ह दिसत नाही. प्रोबच्या एका कडेला बोट लावून पडद्यावर कोणती बाजू हलते ते बघा. हे दर वेळी करा, कारण डावं-उजवं उलटं झालं की अनुभवी माणसाचीही सुई भलतीकडे जाते. प्रोब धरताना करंगळी पेशंटच्या अंगावर टेकलेली असावी, नाहीतर जेलवरून प्रोब घसरत राहतो.

प्रोबच्या हालचाली चारच: दाबणं, सरकवणं, फिरवणं, कलवणं. यातलं कलवणं सगळ्यात कमी वापरलं जातं आणि सगळ्यात जास्त कामाचं आहे. किरण नर्व्हवर काटकोनात पडले तरच ती उजळते. चार-पाच अंश कललं तरी नर्व्ह पडद्यावरून गायब होते. ‘या पेशंटची नर्व्हच दिसत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी प्रोब किंचित कलवायला सांगते.

स्वच्छता नीट पाळा. प्रोबवर निर्जंतुक आवरण, आत हवा राहू न देता. जेल निर्जंतुक पाकिटातलंच. ओपीडीतली मोठी बाटली, जी पुन्हा पुन्हा भरली जाते, ती सुईच्या जवळपासही नको. त्वचेला लावलेलं क्लोरहेक्सिडीन पूर्ण वाळू द्या.

आता सुई. २२ गेजची, बोथट टोकाची, हाताला ५० मिलिमीटर, गुडघ्यामागे ८० किंवा १०० मिलिमीटर. तिला जोडलेली नळी औषधाने भरून त्यातली हवा पूर्ण काढा. एक बुडबुडा आत गेला तरी पडद्यावर पांढरा धूर होतो आणि त्याखालचं सगळं झाकलं जातं.

सुई प्रोबच्या लांबीला समांतर, त्याच पातळीत घातली तर पूर्ण लांबीने दिसते. शिकताना हीच पद्धत धरा. यातला सापळा असा: सुईचा दांडा दिसतो आणि तेच टोक आहे असं वाटतं, पण खरं टोक पातळीतून बाहेर, पुढे कुठेतरी गेलेलं असतं. टोकाची धार उजळ, जरा दुहेरी दिसते, ती ओळखायला शिका. टोक हरवलं तर सुई पुढे ढकलायची नाही. सुई आहे तिथेच ठेवा आणि प्रोब केसभर सरकवा. एका वेळी एकच हात हलवायचा. तरीही शंका असेल तर अर्धा मिलि सलाईन सोडा. जिथे काळा डाग उमटेल तिथे टोक.

सराव पेशंटवर करायचा नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून डुकराच्या मांसाचा जाड तुकडा आणा, त्यात स्नायूची दोरी, म्हणजे टेंडन, खोचा. सोनोग्राफीत ती बरीचशी नर्व्हसारखीच दिसते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी कोंबडीचं मांस घ्यावं. बऱ्याच वेळा टोचल्यावर आत हवा शिरून चित्र बिघडतं, मग तुकडा बदला. नव्या यंत्रांत सुई उजळवून दाखवणारी सोय असते, काही तर नर्व्हवर रंगही भरून दाखवतात. सोय म्हणून ठीक. सुई उजळवणारी सोय ठरावीक कोनातच काम करते आणि रंग भरणारं सॉफ्टवेअर सुईचं टोक तुमच्यासाठी सांभाळत नाही.

गळपट्टीवरचा ब्लॉक, सावकाश

मनगट, कोपराखालचा हात, कोपर यांच्या शस्त्रक्रियेला हा ब्लॉक मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. हाताच्या सगळ्या नर्व्ह इथे एका मुठीत सापडतात. पण फुप्फुस लगेच खाली आहे, म्हणून हा पहिला ब्लॉक म्हणून शिकू नये. काखेतला आणि गुडघ्यामागचा हातात बसला की मग इकडे या.

पेशंटला आयव्ही, ऑक्सिजन, ईसीजी, बीपी, पल्स ऑक्सिमीटर लावा. झोपेचं औषध अगदी हलकं, एखादं मिलिग्रॅम मिडाझोलाम. तो बोलता राहिला पाहिजे, कारण त्याचं बोलणं हाही एक मॉनिटर आहे. टेबलाची डोक्याकडची बाजू थोडी उचला, मान विरुद्ध बाजूला वळवा, हात अंगालगत खाली ओढून घ्या. सुई टोचण्याच्या अगदी आधी, सिस्टरसमोर, त्यालाच विचारा: “दादा, कोणत्या हाताचं ऑपरेशन?” तासाभरापूर्वी वॉर्डात विचारलेलं धरायचं नाही.

प्रोब गळपट्टीच्या मध्यावर, हाडामागच्या खळग्यात, हाडाला समांतर ठेवा आणि किरणांचा रोख छातीकडे, खाली करा. पडद्यावर आधी उडणारं काळं वर्तुळ शोधा, ती सबक्लेव्हियन धमनी. तिच्याखाली एक ठळक पांढरी रेघ आणि त्या रेघेखाली गडद काळी सावली असेल तर ती पहिली बरगडी. रेघेखाली सावली नसून झिरमिळ्यांसारखी धूसर चमक असेल आणि रेघ श्वासाबरोबर सरकत असेल तर ते फुप्फुसाचं आवरण. हा फरक ओळखता येत नाही तोवर सुई उघडायचीसुद्धा नाही. प्रोब असा फिरवा की धमनी आणि नर्व्ह दोन्हींच्या खाली बरगडी येईल. मग सुई चुकून खोल गेलीच तर हाडाला अडते.

नर्व्ह धमनीच्या बाहेरच्या आणि वरच्या बाजूला, द्राक्षांच्या घडासारख्या, काळ्या गोल दाण्यांच्या रूपात दिसतात. इथे वाहतं रक्त रंगात दाखवणारा कलर डॉपलर लावायचाच. मानेकडून येणाऱ्या छोट्या धमन्या घडाच्या आजूबाजूने, कधी मधूनही जातात आणि साध्या चित्रात त्या हुबेहूब नर्व्हच्या दाण्यासारख्या दिसतात.

त्वचा एक-दोन मिलि लिग्नोकेनने, म्हणजे लवकर लागणाऱ्या बधिरीच्या औषधाने, बधिर करा. सुई बाहेरून आत, प्रोबच्या बाहेरच्या कडेपासून, जितकी आडवी जाईल तितकी आडवी. उभी गेली की दिसत नाही. टोक दिसतंय, एक-एक मिलिमीटर पुढे. पहिलं लक्ष्य म्हणजे तो कोपरा, जिथे धमनी, बरगडी आणि घड एकत्र येतात. तिथे टोक आलं की सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघा आणि फक्त एक मिलि सोडा.

या एका मिलिवर सगळं अवलंबून आहे. पडद्यावर काळी जागा पसरताना दिसली आणि घड वर उचलला गेला तर पुढे जा. औषध सोडलं आणि पडद्यावर काहीच घडलं नाही, तर दोनच शक्यता: टोक तुम्ही बघताय तिथे नाही, किंवा ते रक्तवाहिनीत आहे. दोन्हींत उत्तर एकच, थांबा. एखादा दाणा आतून फुगताना दिसला, सिरिंज दाबायला जोर लागला किंवा पेशंट कळवळला, तर सुई मागे घ्या. सिरिंज सिस्टरच्या हातात असते, म्हणून “जड लागतंय का?” हे तिला दर वेळी विचारा, आणि जड लागलं तर न विचारता थांबायचं असं तिला सांगून ठेवा. अनुभवी सिस्टर असेल तर निम्मी काळजी मिटते.

कोपऱ्यात साधारण निम्मं औषध, मग टोक थोडं मागे घेऊन घडाच्या वरच्या बाजूला उरलेलं. दर ३ ते ५ मिलिनंतर पुन्हा मागे ओढून बघायचं. एकूण २० ते २५ मिलि पुरतं. कोपरा चुकला तर करंगळीकडची बाजू बधिर होत नाही, ही या ब्लॉकची जुनी खोड. घडाच्या पोटात शिरून औषध सोडणारे आहेत, त्यांचा ब्लॉक लवकर लागतोही. पण नर्व्हच्या आवरणात सुई जाण्याचा धोका शिकाऊ माणसाने का घ्यावा?

नर्व्ह स्टिम्युलेटर, म्हणजे सुईतून बारीक करंट देणारं यंत्र, जोडीला असेल तर उत्तम. ०.२ मिलिअँपिअरपेक्षा कमी करंटलाही स्नायू उडत असेल तर टोक बहुधा नर्व्हच्या आत आहे. उलट अर्थ मात्र काढू नका. मधुमेह्याची नर्व्ह टोक आत गेलं तरी गप्प राहू शकते.

ब्लॉक लागायला १५ ते ३० मिनिटं लागतात. सर्जन हात धुऊन उभे असले तरी घड्याळ बघायचं ते आपण. तपासणी अशी: कोपर सरळ करून ढकलायला सांगा, कोपर वाकवून ओढायला सांगा, तर्जनीला चिमटा, करंगळीला चिमटा. चारांतलं एखादं शिल्लक असेल तर त्या एकट्या नर्व्हला कोपराखाली ३ ते ५ मिलि देऊन ब्लॉक पूर्ण करता येतो, मात्र ते मिलि एकूण हिशेबात धरायचे. टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला दंडाला आवळायचा पट्टा, लावणार असतील तर दंडाच्या आतल्या बाजूची कातडी या ब्लॉकमध्ये येत नाही. तिथे कातडीखाली थोडं औषध वेगळं द्यावं लागतं.

श्वास चालवणाऱ्या छातीच्या पडद्याची, म्हणजे डायफ्रामची, नर्व्हही जवळच असते. मानेतल्या इंटरस्केलीन ब्लॉकमध्ये नेहमीच्या मात्रेला ती जवळजवळ दर वेळी बधिर होते. गळपट्टीवरच्या ब्लॉकमध्ये प्रमाण कमी, पण शून्य नाही. म्हणून दम्याने बेजार झालेला, एकाच फुप्फुसावर जगणारा किंवा जुना बिडीवाला पेशंट असेल तर काखेतला ब्लॉक द्या.

औषधाचा हिशेब

समजा ५० किलोच्या काकी आहेत. ब्युपिव्हकेनची, म्हणजे ब्लॉकच्या जास्त वेळ टिकणाऱ्या औषधाची, मर्यादा किलोला २ मिलिग्रॅम धरली तर १०० मिलिग्रॅम. ०.५ टक्के म्हणजे एका मिलिमध्ये ५ मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलि. बस. पुढचा प्रत्येक मिलि मर्यादेबाहेर.

पुष्कळजण ब्लॉक लवकर लागावा म्हणून लिग्नोकेन मिसळतात आणि दोन औषधं म्हणजे दोन वेगळ्या मर्यादा असं समजतात. विषबाधेची बेरीज होते. त्याच काकींना १० मिलि ०.५ टक्के ब्युपिव्हकेन दिलं तर ५० मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेचा निम्मा हिस्सा. त्यात १० मिलि २ टक्के लिग्नोकेन ॲड्रेनलिनसह घातलं, म्हणजे २०० मिलिग्रॅम. किलोला ७ च्या हिशेबाने मर्यादा ३५०, त्याचा ५७ टक्के भाग. ५० आणि ५७, झाले १०७ टक्के. दिसायला साधं दहा-दहा मिलिचं मिश्रण, आणि मर्यादा ओलांडलेली. लिग्नोकेन ८ मिलि घेतलं तर बेरीज शंभराच्या आत येते. त्वचेत टोचलेलं आणि सर्जनने शेवटी जखमेत टोचलेलं औषधही याच वहीत जमा करा.

ब्लॉकला साधी ब्युपिव्हकेनची व्हायल लागते, पाठीत देण्याचं हेवी नव्हे. दोन्ही एकाच ट्रेत ठेवू नका, आणि सिरिंजवर लेबल लावल्याशिवाय ती खाली ठेवू नका.

तरीही विषबाधा होऊ शकते. ओठांभोवती बधिरपणा, तोंडात धातूची चव, कानात आवाज, अचानक बडबड किंवा गुंगी, मग झटके आणि हृदयाचे ठोके बिघडणं. कधी आधीची लक्षणं न दाखवता थेट हृदयच थांबतं. म्हणून ब्लॉकनंतर किमान अर्धा तास पेशंटला एकटं सोडायचं नाही. लक्षण दिसताक्षणी औषध थांबवा, मदतीला हाक मारा, श्वासमार्ग आणि ऑक्सिजन सांभाळा, झटक्यांना मिडाझोलाम. या विषबाधेवरचा उतारा म्हणजे शिरेतून द्यायचं २० टक्के लिपिड इमल्शन (चरबीचं पांढरं द्रावण): किलोला १.५ मिलि, दोन-तीन मिनिटांत, आणि मग किलोला मिनिटाला ०.२५ मिलि चालू ठेवायचं. एकूण मर्यादा किलोला १२ मिलि. ॲड्रेनलिन लागलंच तर किलोला १ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी. व्हासोप्रेसिन नको, आणि प्रोपोफोल पांढरं दिसतं म्हणून लिपिडच्या जागी चालत नाही.

७० किलोच्या माणसाचा हिशेब करा: सुरुवातीला १०५ मिलि, मग मिनिटाला साडेसतरा, म्हणजे वीस मिनिटांत ३५० मिलि. अर्धा लिटर साठा हवा. शंभर मिलिची एकुलती एक बाटली, तीही फार्मसीत कुलपाआड आणि फार्मसिस्ट रविवारी गावी, हे चित्र मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलंय. लिपिड ओटीत, हाताच्या अंतरावर नसेल तर मी ब्लॉक देत नाही. सर्जन रागावतात, रागावू देत.

मधुमेही पाय

इथे गुडघ्यामागचा सायटिक ब्लॉक. शिकायला सगळ्यात सोपा, कारण सुई मांडीच्या बाहेरच्या बाजूने, प्रोबला जवळजवळ समांतर जाते आणि लख्ख दिसते. पाय उशांवर इतका उचला की प्रोब खालून लावता येईल. गुडघ्यामागच्या घडीवर प्रोब आडवा ठेवा, उडणारी धमनी शोधा. तिच्या वर, त्वचेच्या बाजूला शीर, आणि त्याहून वर, किंचित बाहेर, टिबियल नर्व्ह. शीर दिसत नसेल तर प्रोबचा दाब कमी करा, दाबाने ती चपटी होते. नर्व्ह ओळखू येत नसेल तर प्रोब पायाच्या दिशेने कलवा आणि पेशंटला घोटा वरखाली हलवायला सांगा, नर्व्ह पडद्यावर झुलतात.

आता प्रोब मांडीकडे सरकवत न्या. बाहेरून दुसरी, छोटी नर्व्ह येऊन मिळते. ही जागा बहुधा घडीपासून ५ ते १० सेंटिमीटर वर. जिथे दोघी एकाच आवरणात पण अजून वेगळ्या दिसतात, तिथे दोघींच्या मधल्या फटीत औषध सोडा. आवरणात औषध भरलं की दोन्ही नर्व्हभोवती काळं कडं तयार होतं. साधारण २० मिलि. घोट्याच्या आतल्या बाजूला सॅफेनस नर्व्ह असते, तिला मांडीत वेगळं इंजेक्शन द्यावं लागतं.

मधुमेह्याची नर्व्ह आधीच आजारी असते. औषधाचं प्रमाण कमी ठेवा, ०.२५ ते ०.३७५ टक्के पुरतं. ब्लॉक नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकू शकतो, हे घरच्यांना आधीच सांगा. ब्लॉक लांबवायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देणार असाल तर रक्तातली साखर चढेल, त्याची तयारी ठेवा.

खुब्याचं हाड

दोडामार्ग, सावंतवाडीहून रुग्णवाहिकेत हाडं हलत आलेल्या आजींना पाठीत इंजेक्शन द्यायला कुशीवर वळवणं म्हणजे छळच. त्याआधी खुब्याच्या वेदना घालवणारा फॅशिया इलियाका किंवा २०१८ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला पेंग ब्लॉक दिला की त्या स्वतः वळतात. पेंगला बाकदार प्रोब, सोआस स्नायूच्या टेंडनखाली, हाडावर २० मिलि. फॅशिया इलियाकाला ३० मिलि किंवा जास्त, पण पातळ औषध. ४० किलोच्या आजींना ०.२५ टक्क्याचे ३० मिलि म्हणजे ७५ मिलिग्रॅम, आणि त्यांची मर्यादा ८०. पाठीतल्या इंजेक्शनला आणखी थोडं लागणार, म्हणून मी तिथे २५ मिलिवरच थांबते.

घरी जाताना

ब्युपिव्हकेनचा हात बारा-पंधरा तासही बधिर राहू शकतो. “दोतोर, हात मागीर हालतलो न्हय?” हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो, काहीजण दोनदा विचारतात. त्यांना वेळ सांगा, अंदाजे का होईना. हात झोळीत. गरम चहाचा कप, इस्त्री, चूल यांपासून लांब. त्याच हाताने स्कूटर चालवत घरी जाणारे निघतात, म्हणून सोबतचा माणूस बघितल्याशिवाय सोडू नका.

ब्लॉक उतरला की वेदना एकदम उसळते, आणि हे नेमकं मध्यरात्री होतं. पॅरासिटामोल वेदना सुरू होण्याआधी, म्हणजे संध्याकाळच्या जेवणानंतरच घ्यायला सांगा. पोटाचा किंवा किडनीचा त्रास नसेल तर जोडीला दुसरी गोळीही लिहून द्या.

दुसऱ्या दिवशी फोन करा, इस्पितळातर्फे नाही, स्वतः. गळपट्टीवरचा ब्लॉक दिला असेल तर छातीत दुखणं, कोरडा खोकला, दम लागणं विचारा. फुप्फुसातून हवा गळत असेल तर ते काही तासांनीही कळू शकतं. चोवीस तासांनंतरही बोटं बधिर किंवा अशक्त असतील तर पेशंटला बोलावून घ्या आणि आधी प्लास्टर घट्ट नाही ना ते बघा. तसं नसेल तर न्यूरॉलॉजिस्टना लवकर दाखवा. नर्व्हच्या विद्युत तपासणीत नवीन इजेचे बदल दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. पहिल्या दोन-चार दिवसांत केलेल्या तपासणीत बिघाड दिसलाच, तर तो ब्लॉकच्या आधीपासून होता हे त्यातूनच कळतं.